दिसंना की गमंना

परवा सूनबाईंनी मला विचारलं, "बाबा, इथं नांदेडमध्ये उन्हाळ्यात मुलांसाठी काय काय असतं?" नातू पुण्याहून सुट्टीला आलेला. सुरुवातीचे एक-दोन दिवस त्यानं माझ्या घोरण्यावर हसून काढले, आणि मग "बोअर होतंय" म्हणत सोफ्यावर डोकं खाली, पाय वर असा वटवाघळासारखा लटकला. सूनबाई मोबाईलवर शोधून राहिल्या होत्या. पोहणं, रोबो बनवणं, घोड्यावर बसणं, इंग्रजीत न घाबरता बोलणं. एका ठिकाणी तर पाचवीपासूनच डॉक्टर होण्याची तयारी. प्रत्येक जाहिरातीत दात दाखवणारी लेकरं. मी म्हणालो, "शिबिराला घालायचं तर आधी नीट चौकशी करा बरं का. मी एकदा गेलो होतो शिबिराला. डोळ्याचं ऑपरेशन होता होता वाचलो." सूनबाई हसल्या आणि पुन्हा मोबाईलमध्ये गेल्या. त्यांना ती म्हाताऱ्याची थाप वाटली. माझा पूर्वेतिहास पाहता त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. पण ही थाप नव्हे. इतका मूर्खपणा बसल्या जागी रचून सांगण्याएवढी प्रतिभा माझ्याजवळ नाही. तो करावाच लागतो.

त्या उन्हाळ्यात आम्ही मुखेड सोडून लातूरला आलो होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका डाळमिलमध्ये मुकादम म्हणून लागले होते आणि मिलच्या मागच्या भिंतीला चिकटून असलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या आम्हाला राहायला मिळाल्या होत्या. सकाळी आप्पा गेले की मिलची घरघर सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. ती घरघर कानांनी ऐकावी लागत नसे, ती जमिनीतून पायात चढायची. मांडणीवरची पितळी भांडी दिवसभर बारीक आवाजात एकमेकांशी बोलत असायची, आणि घरात बोलणारं म्हणाल तर तेवढंच. तुरीच्या टरफलांची बारीक भुकटी सगळ्यावर बसायची. अंथरुणावर, मायच्या केसांवर, पाण्याच्या घागरीवर. पाण्यालासुद्धा कच्च्या डाळीचा वास. माय एका हातानं पुसायची, तोवर दुसऱ्या बाजूला थर चढलेला असायचा. तिला म्हणा, त्यामुळं काम तरी पुरायचं. मला काय होतं?

मला कावळे होते. मुखेडला कुरडया करायच्या म्हणजे सगळी गल्ली एका अंगणात. गहू भिजवण्यापासून चीक शिजेपर्यंत बायकांचा नुसता कल्ला, आणि आम्हा पोरांना वाटीत गरम चीक, त्यावर तूप-साखर. लातूरला मायनं एकटीनं गहू भिजवले, एकटीनं दळले, एकटीनं सोऱ्या दाबला. कुरडया बाजेवर वाळत घातल्या आणि मला काठी देऊन राखणीला बसवलं. कावळे आले की मी "हाड्" म्हणायचो. पुढं पुढं कावळे नाही आले तर मीच "या की" म्हणायला लागलो. एकदा मायनं ते ऐकलं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन वाटीभर आंबील आणून दिली. मला भूक नव्हती, तरी प्यालो.

तुम्ही म्हणाल, लातुरात पोरं नव्हती का? होती. मिलच्या पलीकडं मोकळं रान होतं, तिथं त्यांचा विटीदांडू रंगायचा. मी पहिल्याच दिवशी टेचात गेलो आणि विचारलं, "काय खेळून राहिले रे तुम्ही?" सगळी पोरं थांबली. त्यांच्यातला थोराड होता तो म्हणाला, "काय म्हणलास?" मी पुन्हा म्हणालो, "काय खेळून राहिले?" झालं. आमच्या मुखेडला माणूस जेवून राहतो, झोपून राहतो, बोलून राहतो. लातूरला तो जेवायलाय, झोपायलाय, बोलायलाय. "आम्ही खेळायलोय," तो पोरगा म्हणाला, "तू ऱ्हा तितंच." त्या दिवसापासून माझं नाव 'राहिलो' पडलं. "ए राहिलो, विटी दे!" "ए राहिलो, बाजूला हो!" मी घरी येऊन एकट्यानंच 'खेळायलोय, खेळायलोय' असं घोकलं. दुसऱ्या दिवशी जाऊन ऐटीत म्हणालो, "मीबी खेळायलोय राहिलो!" पुढचं सांगत नाही.

आप्पांच्या लक्षात आलं होतंच. एकदा संध्याकाळी हातपाय धुऊन जेवायला बसले आणि शेंगाची चटणी भाकरीवर घेता घेता मायला म्हणाले, "पोरगं कोमेजून राहिलंय. त्याला इतं गमंना." आमच्याकडं 'करमत नाही' म्हणत नाहीत, 'गमत नाही' म्हणतात; आणि जास्तच जिवावर आलं तर 'गमंना'. आप्पा म्हणाले, "शाळेत नाव घालायच्या आत ठरवावं लागंल. गमलं तर ठीक, इतंच घालू. न्हाई तर मामाकडं मुखेडला ठिवू. तितं त्याचे सोबती हायत, शिकंल तरी. उगं हट्टापायी लेकराचं वाटोळं कशाला?" आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच म्हटलं होतं. माय माझ्या तांब्यात पाणी ओतत होती. तांब्या भरला, पाणी काठावरून वाहिलं, माझ्या ताटाखाली शिरलं, तरी ती ओततच होती. मी "माय" म्हणालो तेव्हा थांबली. त्या क्षणी मला एवढं कळलं की मुखेडला मी गेलो तर मला विटीदांडू मिळेल, आणि मायला बोलायला ती मांडणीवरची भांडी. मला जायचं नव्हतं. मायला सोडून मिळणारं मुखेड मला नको होतं. पण राहायचं तर मला लातुरात कुणीतरी सोबती मिळायला पाहिजे होता, आणि तोही लवकर.

मायनं दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला. या बाईनं मुखेडचा बाजारसुद्धा कधी एकटीनं केला नव्हता. ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून, माझं मनगट धरून, भर उन्हात लातूरच्या गल्ल्यांतून हिंडायची आणि दिसेल त्या दुकानदाराला विचारायची, "दादा, लेकरासाठी काही हाय का हिकडं? सुट्टीचं?" बहुतेक जण गोळ्या-बिस्किटं दाखवायचे. एकानं तालमीचा पत्ता दिला. तिथल्या वस्तादानं माझा दंड दोन बोटांत धरला, मग माझ्या मायकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "वैनी, ह्याला आधी खाऊ घाला. मातीत पडला तर सापडायचा न्हाई." टायपिंगच्या क्लासात स्टुलावर बसलो तर पाय लोंबकळत आणि हात पोचेना. मठात एक स्वामी मुलांना स्तोत्रं शिकवत होते, तिथं बसलो. गार फरशी, उदबत्तीचा वास, एका लयीत चाललेलं म्हणणं. मला इतकी सुंदर झोप लातुरात आल्यापासून लागली नव्हती. स्वामींनी प्रसाद देऊन परत पाठवलं, उद्या येऊ नको असं मात्र स्पष्ट सांगितलं. शेवटी मायनं मला बायकांच्या शिवणक्लासात नेलं. तिथं सगळ्या लग्नाच्या वयाच्या पोरी. बाईंनी मला कडेचं मशीन दिलं आणि सरळ टीप मारायला सांगितलं. मी टीप सरळच मारली. उठलो तेव्हा कळलं की सरावाच्या फडक्याबरोबर मी माझ्या सदऱ्याचं टोकही शिवून टाकलंय. ते फडकं शेपटीसारखं मिरवत मी क्लासभर फिरलो आणि पोरी पोट धरून हसल्या. त्यात एक गोष्ट बरी झाली: निदान कुणाला तरी गमलं.

'शिबिर' हा शब्द आमच्या घरात आला तो मालकीणबाईंच्या तोंडून. मिलमालकाच्या बायकोनं मायला सहज सांगितलं होतं, "आमचा बंटी शिबिराला गेलाय. खेळ, गाणी, जेवणखाण सगळं तिथंच. यायचंच नाव काढंना." मायनं तो शब्द जपून घरी आणला. शिबिर म्हणजे अशी जागा जिथं लेकराला गमतं, एवढा अर्थ तिनं लावला, आणि तो चूक होता असं कोण म्हणेल? मग एका दुपारी रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा गेली. मिल पूर्ण जोरात होती. घरघरीतून आम्हाला ऐकू आलं ते असं: "मोफत... शिबिर! मोफत... शिबिर! जेवणाची, राहण्याची सोय! येताना... सोबत आणावे! लाभ घ्यावा!" मधलं मिलनं खाल्लं. माय उंबऱ्यात धावली, पण रिक्षा वळली होती. तिनं कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, "शिबिर कुटं हाय म्हणं?" तो म्हणाला, "शाळेच्या मैदानात. उद्या सकाळपासून." कसलं, हे तिनं विचारलं नाही. शिबिर कसलं असतं? शिबिर शिबिराचं असतं.

सकाळी मायनं माझ्या डोक्यावर इतकं तेल थापलं की ते कानामागून मानेवर उतरलं. पांढरा सदरा, धुतलेली चड्डी, फडक्यात भाकरी न् ठेचा. नळ यायची वेळ झाली होती म्हणून मला शाळेच्या फाटकाशी सोडून ती पळाली. जाताना एवढंच म्हणाली, "ध्यान देऊन बोल. राहिलो-बिहिलो म्हणू नको." आत मोठा मांडव, भोंग्यावर भजन आणि बघावं तिकडं म्हातारी माणसं. मला वाटलं, लेकरांना पोचवायला आजे-आज्या आल्यात. रांग होती, उभा राहिलो. टेबलामागं बिल्ला लावलेला एक कॉलेजातला पोरगा, डोक्यावर भोंगा, समोर ही गर्दी. त्यानं मान वर न करता नाव विचारलं, मी सांगितलं. "कुणासंगं आलास?"

"एकटाच."

"काय होतंय?"

आता बघा. मला लातुरात येऊन इतके दिवस झाले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "गमंना."

"मोठ्यानं बोल रे."

"गमंना!"

"दिसंना?" तो म्हणाला आणि लिहायला लागला. मला वाटलं, हाही लातूरच्या बोलीचाच काही प्रकार असेल. मायनं बजावलं होतं, शब्दावरून घोळ घालू नको. मी मान डोलावली.

"कधीपासून?"

"मुखेडहून आल्यापासून."

"अजिबात न्हाई?"

"सकाळी जरा बरं असतंय. दुपारी अजिबातच न्हाई."

"अरारा," तो म्हणाला. तो पोरगा खरंच हळहळला, हे मला आजही आठवतं. "डावा का उजवा?"

मी चेंडू डाव्या हातानं फेकतो. "डावा," म्हणालो. त्यानं चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला आणि माझ्या डाव्या भुवईच्या वर कपाळावर चिकटवला. मी वळून पाहिलं तर सगळ्यांच्याच कपाळावर तसले तुकडे. काहींच्या डाव्या बाजूला, काहींच्या उजव्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: दोन पार्ट्या! कबड्डी असणार. डाव्या पार्टीत माझ्याशिवाय सगळ्यांच्या हातात काठ्या होत्या, कमरेत वाकलेले, एक आजी तर दोघींच्या आधारानं चाललेली. उजवी पार्टीही तशीच. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या तरी पार्टीतला सगळ्यात तगडा गडी होतो.

आम्हाला ओळीनं सतरंजीवर बसवलं. एक नर्सबाई आली, तिनं माझी हनुवटी वर केली आणि डोळ्यांत थेंब टाकले. असली आग झाली म्हणून सांगू! मी शहाण्यासारखा बसून राहिलो, कारण रडलो तर पार्टीतून काढतील. थोड्या वेळानं परत थेंब, मग परत. हळूहळू समोरचा मांडव वितळायला लागला. माणसांना कडा राहिल्या नाहीत. शेजारून एक जाड, खरखरीत आवाज आला, "बा इल्ली, हिकडं सरक. भिताडाला टेक. डोळं मिटून घे, म्हंजी कळ कमी हुती." कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या गावांत असंच बोलतात, अर्धं कानडी, अर्धं मराठी. ते होते देवणीकडचे मल्लप्पा. पुढचे सगळे दिवस मी त्यांना आबा म्हणालो.

"तुझा पिकलाय का रं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मोतीबिंदू."

मी म्हणालो, "आबा, खेळ कधी सुरू होणार?"

"कसला खेळ?"

"शिबिराचा. कबड्डी."

मल्लप्पा आबांच्या पोटातून गुडगुडल्यासारखा आवाज आला. त्यांनी पलीकडच्याला सांगितलं, "आरं, ह्ये लेकरू कबड्डी खेळाया आलंय!" त्यानं त्याच्या पलीकडच्याला सांगितलं. मला दिसत काही नव्हतं, पण हसू ओळीतून पुढं पुढं सरकत गेलेलं ऐकू आलं. खोकत, ठसकत, बोळक्या तोंडांचं. पार शेवटच्या आजीपर्यंत गेलं आणि तिथून ती ओरडली, "मला घ्या रं तुमच्यात! मी खो घालते!"

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यात बॅटरी मारली, मग बिल्लेवाल्या पोराला हाक मारली. "ह्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. दिसत नाही असं कोण म्हणालं?"

"हाच म्हणाला सर."

"मी गमंना म्हणालो," मी म्हणालो.

डॉक्टर बाहेरगावचे असावेत. त्यांना तो शब्द मल्लप्पा आबांनी समजावून सांगितला, "लेकराला एकटं एकटं वाटतंय म्हणं साहेब." डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली, माझ्या कपाळावरची पट्टी अलगद सोडवली. "त्याचे थेंब नाहीत रे माझ्याकडे," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उन्हात जाऊ नकोस. बस इथंच, ह्यांच्याजवळ."

मी बसलो. गेल्या वर्षी माझे स्वतःचे मोतीबिंदू काढले, इथंच नांदेडला. गार खोली, भिंतीवर टीव्ही, कॉफीचं यंत्र. शेजारी बसलेला माणूस मान खाली घालून मोबाईल बघत होता. "सोबत कोण आहे?" असं बाईनं विचारलं तेव्हा मी क्षणभर गोंधळलो. "सून खाली गाडी लावतेय," म्हणालो. ओळ नव्हती, सतरंजी नव्हती, कुणी 'हिकडं सरक' म्हणालं नाही. काम मात्र झटपट झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

त्या दिवशी मल्लप्पा आबांनी शाळेच्या फरशीवर कोळशानं नवकंकरीचा डाव आखला, तोही बोटांनी चाचपत. एकात एक तीन चौकोन, मधे रेघा. त्यांच्याकडं खडे, माझ्याकडं चिंचोके. हाताला वेगळे लागावेत म्हणून. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. त्यांचे डोळे मोतीबिंदूनं झाकलेले, माझे थेंबांनी. दोघं आंधळे मान खाली घालून फरशी चाचपायचो. आबा मधेच त्यांच्या गोऱ्ह्याचं कौतुक सांगायचे, त्याच्या पांढऱ्या अंगावरचे काळे ठिपके, त्याचा लाडिकपणा. मी एकदा मोठ्या आनंदानं तिघांची ओळ जमवली आणि आबांचा खडा समजून माझाच चिंचोका उचलला. "उचल अजून एक," आबा म्हणाले, "तुझं तूच संपीव, मला तरास नको." मी सगळे डाव हरलो. लातुरात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर माय आली. तिनं काय पाहिलं असेल ते आता समजतं: सगळीकडं आंधळी म्हातारी माणसं, आणि त्यांच्यात भिंतीला टेकून तिचं लेकरू, डोळ्यांत नुसत्या काळ्या बाहुल्या, हातानं जमीन चाचपणारं. "आगं माय माय माय! काय केलं गं माझ्या लेकराला!" अशी किंकाळी तिनं फोडली. तिला नर्सबाईनं सांगितलं, बिल्लेवाल्यानं सांगितलं, तरी तिला ते पटेना. शेवटी खो घालायला निघालेली ती आजी, जळकोटच्या गंगूबाई, त्यांनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "कुटली गं पोरी तू?"

"मुखेडची."

"मुखेडची? मुखेडात कुणाची?"

आणि मग सुरू झालं. कुणाची लेक कुठं दिलेली, कुठल्या गल्लीतल्या विहिरीला पाणी राहिलंय, कुणाची म्हैस. मी डाव मोडून कान देऊन बसलो. धुकट उजेडात बायकांचे आकार एकमेकांत मिसळलेले होते, आणि त्यातली कुणीतरी एक खळखळून हसत होती. आवाज ओळखीचा वाटत होता, पण माणूस ध्यानात येईना. बऱ्याच वेळानं कळलं की ती माय होती. मी तिचं हसू विसरूनच गेलो होतो.

घरी येताना ती म्हणाली, "आप्पाला सांगू नको. हसतील, न्हाई तर बोलतील." दुसऱ्या दिवसापासून आप्पा मिलवर गेले की आम्ही दोघं शिबिराला. ज्यांची ऑपरेशनं व्हायची ते शाळेच्या वर्गांतच राहायचे. माय त्यांच्यासाठी भाकऱ्या थापायला बसायची, सोबत गंगूबाईंची बडबड. मी मल्लप्पा आबांना हाताला धरून नळावर न्यायचो, आणायचो, आणि हरायचो. त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी आली तरी डाव थांबला नाही. मी मनातल्या मनात आप्पांना उत्तर तयार करून ठेवलं होतं: गमतंय, मला सोबती मिळालाय. शिबिर संपतं, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही देव जाणे.

पट्टी सोडली त्या सकाळी मी पुढं जाऊन उभा राहिलो. आबांनी डोळे किलकिले केले. वर कौलांकडं पाहिलं, स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं, उलटा करून पाहिला. मग माझ्याकडं पाहून नर्सबाईला विचारलं, "ह्यो कोन?"

"मी हाय आबा."

"तू?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "आवाजावरनं तू लई आडदांड वाटलास की रं. एवढासाच हाइस व्हय?"

त्यांचा मुलगा न्यायला आला होता. त्याच्या तोंडाकडं ते बघतच राहिले; "किती पिकलास रं तू" असं म्हणाले. फाटकाबाहेर लिंबाचं झाड होतं ते पाहिलं, उभी असलेली जीप पाहिली, तिच्या टपावरचं गाठोडं पाहिलं. मी बाजूनं चालत होतो. त्यांना आता बघायला लई काय काय होतं, त्यात मी थोडासाच. "शरणू," असा त्यांच्याकडचा रामराम केला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये चढले. गंगूबाई त्याआधीच गेल्या होत्या. मायनं त्यांच्या पिशवीत कुरडया भरून दिल्या, आणि गंगूबाईंनी "येते गं पोरी" म्हणताना तिची हनुवटी धरली. दुपारपर्यंत मांडवाचं कापड गुंडाळलं, सतरंज्या झटकल्या. फरशीवरचा डाव कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून घेतला. घरी जाताना माय माझ्या पुढं पुढं भराभर चालत होती आणि एकदाही मागं वळली नाही.

नेमकं त्याच संध्याकाळी आप्पांनी विषय काढला. जेवता जेवता म्हणाले, "उद्या शाळेत नाव घालायचं हाय. शिवा, खरं सांग. गमतंय का तुला इतं? का मामाला निरोप देऊ?"

माझं ठरवलेलं उत्तर उपयोगाचं राहिलं नव्हतं. सोबती देवणीला गेलेला, आता खोटं बोलायचं तर चेहरा सांगणार. मी घास चघळत बसलो. आप्पा वाट बघत होते. तेवढ्यात माय बोलली. माझ्या मायला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तिनं एक अक्षर खोटं सांगितलं नाही.

"गमतंय की त्याला. चांगले सोबती झालेत."

"कोण?"

"एक देवणीकडला हाय. मल्लू."

"देवणीचा? बरं. कसा हाय पोरगा?"

"शांत हाय. जनावराचा नाद हाय त्याला लई."

"आन?"

"जळकोटची एक हाय, गंगू. लई बोलकी. दात पडलेत तेवढे."

"ह्या वयात पडतेतच," आप्पा म्हणाले. "मारामाऱ्या-बिमाऱ्या?"

"छे. एका जागी बसून खेळतेत. उनात तर पाऊल टाकत न्हाईत. डोळ्याला बांधून खेळतेत."

"आंधळी कोशिंबीर," आप्पा मला म्हणाले. मी मान हलवली. मला ठसका लागला होता. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. त्यांचा चेहरा सैल झाला होता. किती दिवसांनी, ते मला तेव्हाच दिसलं. "चांगल्या वळणाची लेकरं दिसतेत. मग ठीक हाय. इतंच घालू नाव." भाकरीचा तुकडा मोडत ते मायला म्हणाले, "बोलव की त्यांना एकदा घरी. गोडाचं कर काहीतरी."

"गेले की आपापल्या गावाला," माय म्हणाली. "सुट्टी हाय न्हव."

"मग शाळा उघडल्यावर येतील."

"येतील की," माय म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटायला तिनं आमच्याकडं पाठ केली.